पणजोबा केव्हा आणि कुठे वारले? पुणे जिल्ह्यातील जुन्या कागदांतून पूर्वजाचा माग कसा काढावा

आमच्या घरी पणजोबांचे श्राद्ध दशमीला होते, एवढेच सर्वांना ठाऊक होते. ते 'प्लेगात गेले' असे आजी सांगत असे, आणि पुण्यात प्लेग म्हटले की १८९७ साल डोळ्यांपुढे येते, म्हणून त्यांच्या मृत्यूचे सालही कोणी शंका न घेता १८९७ धरून चालले होते. कागद पाहू लागल्यावर कळले की ते त्यानंतर एकवीस वर्षे जगले आणि १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत वारले. तेही पुण्यात नव्हे, आमच्या गावीही नव्हे, तर सासुरवाडीला. हे कळायला आम्हांला सव्वा वर्ष लागले आणि त्यातले निम्म्याहून अधिक दिवस चुकीच्या कचेरीत चुकीच्या सालाची नोंद मागण्यात गेले. ज्यांना आपल्या घराण्यातील अशाच एखाद्या माणसाचा शोध घ्यायचा आहे, त्यांचे ते दिवस वाचावेत म्हणून ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक जण शोधाची सुरुवात मृत्यूच्या रजिस्टरापासून करतात, आणि माझ्या मते तिथेच चूक होते. रजिस्टरात मृत्यूची एकच ओळ असते, आणि ती गाव, साल व महिना माहीत असल्याशिवाय सापडत नाही. परंतु माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना बरेच काही करावे लागते: जमिनीला वारसाचे नाव लावायचे असते, अज्ञान (अल्पवयीन) मुलाला पालक नेमायचा असतो, देणे फेडायचे असते, तेराव्याचा खर्च लिहायचा असतो, दर वर्षी तिथी पाळायची असते. या प्रत्येक गोष्टीचा कागद होतो. म्हणून आधी मागे राहिलेल्यांचे कागद पाहावेत, त्यांतून मृत्यूचे साल दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात आणावे, आणि मगच रजिस्टर उघडावे.

घरातील ट्रंक आणि घरातील माणसे

पहिला दिवस घरातच घालवावा. जुन्या पत्र्याच्या ट्रंका, देव्हाऱ्याखालचे कप्पे आणि माळ्यावरची बोचकी यांत जे मिळेल ते, कितीही क्षुल्लक वाटले तरी, जसे बांधलेले असेल तशाच क्रमाने छायाचित्रे काढून नोंदवावे. एका रुमालात बांधलेले कागद बहुधा एका व्यवहाराचे असतात आणि ते विस्कटले की त्यांचा परस्परसंबंध कायमचा तुटतो. रोजकीर्द किंवा जमाखर्चाची वही मिळाली तर ती सर्वांत मोलाची समजावी. लाकडे, कापड, दक्षिणा, तेराव्याचे सामान असा खर्च एका पंधरवड्यात लागोपाठ दिसला, की मृत्यूची तारीख जवळजवळ हाती आली. जुनी पंचांगे टाकून देऊ नयेत, कारण अनेक घरांत जन्म, मृत्यू आणि सोयरसुतकाच्या नोंदी पंचांगाच्या समासातच लिहीत. पोथीचे शेवटचे कोरे पान, छायाचित्राची मागची बाजू आणि भांड्यांवर घातलेली नावेही पाहावीत.

एक गोष्ट मात्र सहसा मिळत नाही, आणि ती न मिळाल्याने निराश होऊ नये. मृत्यूची बातमी देणारे कार्ड वाचून लगेच फाडून टाकण्याची रीत आपल्याकडे होती. त्यामुळे बारशाची, लग्नाची, नोकरीची पत्रे शंभर वर्षे जपलेली दिसतात, पण मयताचे पत्र नसते. त्याऐवजी पुढच्या काही महिन्यांतील पत्रांचे मायने पाहावेत. जिच्या नावामागे कालपर्यंत 'सौ.' होते तिला 'गं. भा.' लिहिले जाऊ लागले, किंवा एखाद्याचा उल्लेख 'कै.' असा झाला, की मृत्यू त्या दोन पत्रांच्या मधल्या काळातला ठरतो.

घरातील वृद्धांना 'कोणत्या साली गेले?' असा थेट प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही, किंवा अंदाजाने आलेले उत्तर पुढे खरे मानले जाते. त्याऐवजी प्रसंगाला खुंटी लावून विचारावे. टिळक गेले (१ ऑगस्ट १९२०) त्याआधी की नंतर? गांधीजींचा खून (३० जानेवारी १९४८) झाला तेव्हा ते घरात होते का? पानशेतचे पाणी आले (१२ जुलै १९६१) तेव्हा? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ? आमच्या आत्याआजीला आपल्या वडिलांच्या मृत्यूचे साल सांगता आले नाही, पण 'त्या साली दाराला तोरण चढले नाही, दसरा मंगळवारचा होता' हे तिने आपल्या आईच्या तोंडून कितीदा तरी ऐकले होते. त्या एका वाक्याने पुढे सगळा निकाल लागला.

पानशेतचा उल्लेख आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. मुठेकाठच्या पेठांतील ज्या घरांत तेव्हा पाणी शिरले, त्या घरांचे जुने कागद बहुतेक गेलेच. अशा कुटुंबांनी घरचे कागद शोधण्यात वेळ न घालवता, त्यापूर्वी वेगळ्या निघालेल्या भाऊबंदांकडे विचारणा करावी. घरवाटणीच्या वेळी कागद थोरल्या घराकडे राहिलेले असतात.

तिथीवरून तारीख

मराठी कुटुंबाकडे मृत्यूची तारीख नसली तरी तिथी असते, आणि योग्य रीतीने वापरली तर ती कोणत्याही दाखल्याइतकी उपयोगी पडते. मात्र घरात पाळली जाणारी तिथी नेमकी कोणती आहे, हे आधी तपासावे. दर वर्षी मृत्यूच्या महिन्यात होणारे श्राद्ध असेल, तर महिना, पक्ष आणि तिथी अशी तिन्ही अंगे मिळतात. केवळ पितृपक्षातील महालय होत असेल, तर फक्त तिथी मिळते, महिना आणि पक्ष हरवलेला असतो. आमच्या घरची दशमी ही अशीच भाद्रपद वद्य दशमी होती. पणजोबा कोणत्याही महिन्याच्या शुद्ध किंवा वद्य दशमीला गेलेले असू शकत होते.

पितृपक्षातील काही तिथींना तर मृत्यूच्या तिथीशी संबंधच नसतो. नवमीला श्राद्ध असेल आणि ते बाईचे असेल, तर ती अविधवा नवमी असू शकते. म्हणजे ती सवाष्ण गेली, पती तिच्यामागे राहिला, एवढाच त्याचा अर्थ. चतुर्दशीला श्राद्ध असेल तर तो माणूस शस्त्राने, अपघाताने किंवा अन्य प्रकारे अकाली गेला असण्याचा संभव असतो, आणि मग पोलीस पाटलाच्या व पोलीस ठाण्याच्या जुन्या कागदांकडे वळावे लागते. सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध असेल तर घराला तिथीच ठाऊक नव्हती, असे समजावे. परगावी, युद्धात किंवा प्रवासात गेलेल्यांच्या बाबतीत हे विशेष आढळते.

तिथीची तारीख करताना शके सालात ७८ मिळवावेत. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावेत. महसुली कागदांवर फसली साल असेल तर मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या वर्षात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली १३२८ हे १९१८-१९ चे वर्ष. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. काशी, प्रयाग, गया येथील वह्यांत वद्य पक्षाचा महिना आपल्यापेक्षा एक पुढचा लिहिलेला असतो, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपला भाद्रपद वद्य म्हणजे तिकडचा आश्विन कृष्ण. हे लक्षात न घेतल्यास तारीख एका महिन्याने चुकते.

तिथीबरोबर वारही आठवणीत असेल तर काम फार सोपे होते. ज्या वर्षांच्या पट्ट्यात मृत्यू झाला असेल त्यातील प्रत्येक वर्षाची ती तिथी कोणत्या वारी आली ते जुन्या पंचांगांत पाहावे. सातांपैकी साधारण सहा वर्षे तिथेच गळतात. आमच्या बाबतीत तिथी दशमी होती आणि आठवण दसऱ्याची होती, म्हणजे आश्विन शुद्ध दशमी ठरली. शके १८४० ची विजयादशमी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी मंगळवारी होती. शिर्डीच्या साईबाबांनी त्याच दिवशी देह ठेवल्यामुळे ही तारीख सहज पडताळता येते. तिथी सूर्योदयाशी बांधलेली आणि श्राद्धाची तिथी अपराह्णाशी बांधलेली असल्याने एक दिवस पुढे-मागे होऊ शकतो, म्हणून रजिस्टर पाहताना आधीचे आणि नंतरचे दोन-दोन दिवस अवश्य पाहावेत.

साल आवळून आणणे: शाळा आणि जमीन

दसऱ्याची आठवण आम्हांला उशिरा मिळाली. त्याआधी १८९७ हे साल चुकीचे आहे हे दाखवले ते शाळेच्या जनरल रजिस्टराने. प्रवेश-निर्गमाच्या या नोंदवहीत विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिवस व कारण लिहिलेले असते. जिल्ह्यातील अनेक जुन्या प्राथमिक शाळांनी ही रजिस्टरे जपली आहेत, आणि मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज केल्यास उतारा मिळतो. पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल १८८० चे आणि हुजूरपागा १८८४ ची, तेव्हा शहरातील कुटुंबांना सव्वाशे वर्षांमागे जाण्याची संधी शाळेतही असते. आजोबांच्या नोंदीत जन्मतारीख १ जून १९११ होती. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांना मास्तर सर्रास १ जून लावीत, म्हणून दिवस आणि महिना सोडून द्यावा. साल मात्र एक-दोन वर्षांच्या फरकाने विश्वासार्ह असते. मुलगा १९११ च्या सुमारास जन्मला असेल तर बाप १८९७ साली गेलेला असू शकत नाही, हे उघड होते. पालकाच्या रकान्यात वडिलांऐवजी मामाचे नाव होते आणि प्रवेश १९१९ चा होता, म्हणजे वडील त्यापूर्वीच गेले असावेत.

ज्या घराण्याकडे एक गुंठाही जमीन होती, त्याच्यासाठी जमिनीचे कागद ही सर्वांत भक्कम वाट आहे. आजच्या सातबाऱ्यापासून मागे जायचे असते. नावाशेजारी वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे क्रमांक होत. प्रत्येक फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, काढून पाहिला की कोणाचे नाव कोणत्या कारणाने कमी झाले आणि कोणाचे लागले ते कळते. त्या फेरफारात आधीच्या फेरफाराचा धागा असतो, आणि असे एकेक पायरी उतरत जाता येते. वारसांची वेगळी नोंदवही गाव नमुना सहा-क या नावाने ठेवलेली असते आणि तीत मयताचे नाव, मृत्यूची तारीख किंवा सुमार, व वारसांचे नाते दिलेले असते. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा असल्यामुळे त्यापूर्वीच्या काळासाठी भूमी अभिलेख खात्याकडील शेतवार पत्रक, पक्काबुक, कडईपत्रक, प्रतिबुक या जुन्या मोजणीच्या कागदांकडे जावे लागते. ब्रिटिश काळातील रयतवारी मोजणीची सुरुवात पुणे जिल्ह्यातच, इंदापुरात, १८३५-३६ च्या सुमारास झाली, म्हणून या जिल्ह्याचे कागद पुष्कळ मागे जातात.

मध्ये एक अडथळा येतो. १९४७ च्या कायद्यानंतर ज्या गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि फेरफारांची साखळी तिथे तुटल्यासारखी दिसते. ती तुटलेली नसते. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात मिळतो, आणि ते पत्रक उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून मागावे. महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर अनेक गावांचे जुने सातबारे, फेरफार आणि आठ-अ यांच्या स्कॅन केलेल्या प्रती पाहता येतात. तिथे ज्या गावाचे कागद नाहीत, त्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा.

जुन्या महसुली नोंदींची भाषा समजून घेतल्याशिवाय हाती आलेला कागद पुरता वाचता येत नाही. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको; 'भ्र.' म्हणजे भ्रतार, त्यापुढे नवऱ्याचे नाव असते. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि ते एका माणसाच्या नावापुढे लिहिलेले असले तरी हक्क सर्व भावांचा असतो, हे विसरू नये. 'अ. पा. क.' या तीन अक्षरांनी आमचा शोध पुढे सरकला. ती म्हणजे अज्ञान पालनकर्ता. १९२० च्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे 'अ. पा. क. आई' असे होते आणि पणजोबा 'सुमारे दीड वर्षापूर्वी मयत' असल्याचे लिहिले होते. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नसते. ती वर्दी (खबर) दिल्याची किंवा नोंद मंजूर झाल्याची असते, आणि मधे महिनेच नव्हे तर कधी दहा-वीस वर्षेही गेलेली असतात, कारण भावांत वाटणीचा प्रश्न येईपर्यंत पुष्कळ घरांत मयताचेच नाव चालू ठेवीत.

मृत्यूचे रजिस्टर

आता रजिस्टराकडे यावे. खेड्यातील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही ही गाव नमुना चौदा होय. बोलण्यात तिला 'कोतवाल बुक' म्हणतात आणि अभिलेख कक्षातही हाच शब्द वापरला की कारकुनाला लगेच कळते. ती बहुधा तहसील कार्यालयात गावनिहाय आणि वर्षनिहाय बांधलेली असते. पुढच्या काळातील नोंदी ग्रामपंचायतीकडे असतात. पुणे शहराच्या जुन्या नोंदी नगरपालिकेच्या काळातील असून १९५० साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे आल्या; पुणे आणि खडकी छावणीतील मृत्यूंची नोंद मात्र त्या त्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असते, आणि लष्कर भागात वारलेल्या माणसाचे नाव महापालिकेत शोधत राहणे हा ठरलेला वेळेचा अपव्यय आहे.

याहून महत्त्वाचा नियम असा की मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, मृत्यू जिथे घडला तिथे होते. ससूनमध्ये वारलेल्या जुन्नरच्या माणसाची नोंद पुण्यात होते. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे थोरल्या मुलाची जन्मनोंद आईच्या गावी असते, आणि बाळंतपणात गेलेल्या बाईची मृत्युनोंदही तिथेच असते. साथीच्या काळात शहर सोडून लोक नातेवाइकांकडे जात. पणजोबा पुण्यात छापखान्यात नोकरीला होते म्हणून आम्ही पुण्यात पाहिले, मूळ गावी पाहिले, दोन्हीकडून नोंद अनुपलब्ध असल्याचा शेरा मिळाला. शाळेच्या रजिस्टरातील मामाचे नाव पुन्हा वाचल्यावर सासुरवाडीचे गाव सुचले. तिथल्या १९१८ च्या कोतवाल बुकात ऑक्टोबर महिन्याची पाने भरून वाहत होती. एरवी महिन्यात दोन-चार नावे असलेल्या त्या लहानशा गावात एकेका दिवशी तितकी नावे होती आणि कारणाच्या रकान्यात एकाखाली एक 'ताप', 'ताप', 'ताप' असे लिहिले होते. त्या पानांसमोर बसल्यावर आमचे पणजोबा हे एकटे आमचे राहिले नाहीत. त्या सुमारास गावात गेलेल्या सर्वांची नावे मी लिहून घेतली, आणि त्यांपैकी तीन घरांच्या आजच्या माणसांना ती नेऊन दिली.

मृत्यूच्या कारणाचे शब्द त्या काळचे असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. 'पटकी' म्हणजे कॉलरा, 'देवी' म्हणजे माता येणे, 'गाठीचा ताप' किंवा 'ग्रंथिक सन्निपात' म्हणजे प्लेग, 'मानमोडी' म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. नुसता 'ताप' हा शब्द हिवतापापासून इन्फ्लुएन्झापर्यंत कशालाही लागू पडतो, म्हणून त्या पानावरील इतर नोंदी आणि साल पाहून अर्थ लावावा. घरात 'प्लेग' म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ केवळ 'साथ' एवढाच असू शकतो. शिवाय प्लेग पुण्यात १८९७ नंतरही अनेक वर्षे फिरून फिरून येत राहिला. १८९७ च्या काळासाठी आणखी एक सावधगिरी हवी: प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली घरझडत्या आणि विलगीकरणाच्या छावण्या यांच्या भीतीने लोक आजारी माणसे आणि मृत्यूही लपवीत, तेव्हा त्या साली नोंद नाही यावरून मृत्यू झालाच नाही असे अनुमान काढू नये.

रजिस्टरात पूर्ण नाव मिळेल अशी अपेक्षा धरू नये. आमच्या नोंदीत पणजोबांचे पाळण्यातील नाव नव्हते, 'बापू' एवढेच आणि पुढे त्यांच्या वडिलांचे नाव होते. वयही आमच्या हिशेबापेक्षा पाच वर्षांनी कमी होते. जात, वडिलांचे नाव, तारीख आणि वर्दी देणाऱ्याचे नाव या चार गोष्टी जुळल्या, वर्दी देणारा तोच मामा होता, म्हणून ती नोंद आमची ठरली. केवळ नाव जुळते म्हणून नोंद आपली मानू नये, आणि केवळ वय जुळत नाही म्हणून सोडूही नये.

अर्ज करताना गाव, जुना तालुका, साल आणि महिन्यांचा पट्टा स्पष्ट लिहावा, 'शोध व नक्कल' अशी मागणी करावी आणि पोच घ्यावी. तालुक्यांची जुनी नावे ठाऊक असणे इथे उपयोगी पडते. आजचे बारामती आणि दौंड जुन्या कागदांत भीमथडी म्हणून येतात. मुळशी हा हवेलीचा आणि आंबेगाव हा खेडचा पेटा, म्हणजे उपविभाग, होता. आजचा भोर तालुका १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता, म्हणून तिथले त्यापूर्वीचे कागद इलाख्याच्या पद्धतीचे नसतात. १९६९ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे कोणालाही नोंदीचा शोध घेऊन उतारा मागता येतो, मात्र मृत्यूच्या उताऱ्यात कारण दिले जात नाही. कारण जाणून घ्यायचे असेल तर जुनी मूळ वही प्रत्यक्ष पाहण्याची विनंती करावी. नोंद मिळालीच नाही तर तसा अनुपलब्धतेचा दाखला लेखी घ्यावा. वारसाच्या कामात तो लागतो, आणि उशिराने नोंद करून घ्यायची झाल्यास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशासाठीही लागतो.

शहरातील माणूस, सैन्यातील माणूस

ज्यांच्याकडे शेतजमीन नव्हती, पण पेठेत घर होते, त्यांनी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. तिच्यावर धारकांचे फेरबदल तारखेसह असतात. जुना घरनंबर आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळे असतात, हे लक्षात ठेवावे. दुय्यम निबंधकाकडील खरेदीखते, दत्तकपत्रे आणि मृत्युपत्रे यांच्या सूच्या पाहाव्यात. नोंदवलेले मृत्युपत्र, करणारा मृत झाल्यावर, कोणालाही नकलेसाठी मागता येते. जिल्हा न्यायालयातील वारस दाखल्याचे जुने अर्ज, जे १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली होत, त्यांत मृत्यूची तारीख आणि सर्व वारसांची नावे एकत्र मिळतात.

शहरातील थोडी प्रतिष्ठा असलेल्या माणसाची निधनवार्ता 'ज्ञानप्रकाश' (१८४९ पासून), 'केसरी' (१८८१ पासून) किंवा 'सकाळ' (१९३२ पासून) यांत आलेली असू शकते. तारीख हाती आल्यावर पुढच्या पंधरा दिवसांचे अंक पाहावेत. तारखेशिवाय अंक चाळत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो. मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मोठ्या प्रमाणावर होत्या, १०३, ११० आणि ११७ या पलटणी कूतच्या वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. अशा शिपायांच्या नोंदीत पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गाव असते. नावांची इंग्रजी स्पेलिंगे फार वेडीवाकडी असल्याने आडनावावर न थांबता गावाच्या व जिल्ह्याच्या नावानेही शोधावे. अनेक गावांच्या चावडीत त्या युद्धात किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत हे सांगणारी संगमरवरी पाटी आजही आहे.

मोडी आणि त्याहून जुने

साधारण १९५० पूर्वीचे पुष्कळ कागद मोडीत आहेत, आणि जन्म-मृत्यूच्या वह्याही त्याला अपवाद नाहीत. वाचून देणारे जाणकार पुण्यात मिळतात, परंतु ज्याला घराण्याचा शोध मनापासून घ्यायचा आहे त्याने मोडी स्वतः शिकावी असे मी आग्रहाने सांगेन. भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) तिचे वर्ग होतात, आणि नावे, महिने, अंक व ठरावीक मायने एवढेच वाचायचे असेल तर दोन-तीन महिन्यांचा सराव पुरतो. दुसरा माणूस आपण दाखवलेली ओळ वाचतो. स्वतः वाचणारा शेजारची ओळही वाचतो, आणि मामाचे नाव तिथेच असते.

पेशवाईपर्यंत मागे जायचे असेल तर पुणे पुराभिलेखागार, म्हणजेच पेशवे दफ्तर, हे ठिकाण आहे. तिथे हजारो रुमालांत कोट्यवधी कागद आहेत. सामान्य कुणब्याचे किंवा कारागिराचे नाव तिथे मिळण्याची शक्यता थोडी. पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा वतनदारांची आणि इनामदारांची मात्र पुष्कळ. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करण्यासाठी घराण्यांनी कैफियती (लेखी हकीकती) आणि वंशावळी सादर केल्या, त्या यासाठी विशेष पाहाव्यात. मात्र हक्क सांगण्यासाठी लिहिलेल्या वंशावळीत गैरसोयीची शाखा गाळलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

बायकांचा शोध

बाईचा माग काढणे सर्वांत कठीण, आणि तरीही तो काढल्याशिवाय घराण्याचा शोध अर्धाच राहतो. लग्नात नाव बदलले, आडनाव बदलले, आणि नवरा असेपर्यंत कागदावर ती बहुधा आलीच नाही. नवरा गेल्यावर 'कोम' किंवा 'भ्र.' या शब्दांसह तिचे नाव फेरफारात प्रथम दिसते, आणि तिच्या मृत्यूनंतर आणखी एक फेरफार होतो. म्हणजे तिच्या वैधव्याची दोन्ही टोके जमिनीच्या कागदात असतात. मुलाच्या शाळेतील पालक, अज्ञानाच्या कामातील साक्षीदार, मृत्यूची वर्दी देणारा, यांत तिचा भाऊ सापडतो, आणि भावावरून माहेरचे आडनाव व गाव कळते.

तिचे जन्मनाव मात्र यांपैकी कशातच नसते. त्यासाठी नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. त्या मूळ गाव आणि आडनाव यांप्रमाणे लावलेल्या असतात. यात्रेला आलेला माणूस आपल्या आई-वडिलांची, भावांची, मुलांची आणि कधीकधी बहिणींची नावे लिहून खाली सही करीत असे. जाताना मूळ गावाचे नाव नेमके ठाऊक असावे, उपनाव बदललेले असेल तर जुने सांगावे, वहीचे छायाचित्र विचारूनच घ्यावे आणि यथाशक्ती दक्षिणा द्यावी. आमच्या घराण्याची नाशिकची वही मिळाली. तीत १९०९ साली पणजोबांनी स्वतः मोडीत केलेली सही आहे आणि त्यांच्या हातचे आमच्याकडे असलेले तेवढेच अक्षर आहे. पणजीचे सासरचे नाव तिथे आहे. माहेरचे नाव तिच्या भावाच्या घराण्याच्या वहीत असेल, आणि ती वही कोणत्या उपाध्यायांकडे आहे याची चौकशी सध्या चालू आहे.